तलफ आली की जिना गाठा

मालक, 'सिगरेट सोडताना व्यायाम करा म्हणणं सोपं, पण सोलापूरच्या उन्हात दुपारी चालणार कोण?' हा तुमचा प्रश्न रास्तच आहे. पण इथं तासभर घाम गाळायचाच नाहीये. तलफ एकदम चढते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते. तेवढीच वेळ मारून न्यायची. टेलर, अशर आणि फॉकनर या संशोधकांनी २००७ मध्ये व्यायामानं तलफ कमी होते का, हे पाहणाऱ्या प्रयोगांचा आढावा घेतला होता. त्यात ५ मिनिटांच्या हालचालीनंही ओढ तात्पुरती कमी झालेली दिसली.

त्यामुळं ऊन टाळा, जिना धरा. माझी खरी परीक्षा जेवणानंतरच्या चहाला असते. कप खाली ठेवला की हात आपोआप शर्टाच्या खिशाकडं जातो. तेव्हा दोन मजले वर-खाली करतो, बोलताना जरा धाप लागेल इतक्या वेगानं. जिना नसेल तर जागेवरच उठाबशा. (लोक हसतात. हसू द्या.) संध्याकाळी पाय मोकळे करायचे तर नवी पेठेत नको, तिथं टपऱ्या खुणावतात. कंबर तलावाकडं जा.

मात्र तलफ टळणं वेगळं, सिगरेट सुटणं वेगळं. नुसत्या व्यायामानं ती कायमची सुटते याला भक्कम पुरावा नाही. जोडीला निकोटीन गम किंवा १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाईन घ्या. बीपी, हृदयाचा त्रास असेल तर जिन्याआधी डॉक्टरांना विचारा.