मदत हवी आहे: लाटांच्या संथ गतीतून पिझो पट्टीने वीज मिळवताना येणारी अडचण

समुद्राच्या लाटांचा आवर्तकाल साधारण ५ ते १० सेकंद, म्हणजे वारंवारता जेमतेम ०.१ ते ०.२ हर्ट्झ असते, तर माझ्या पिझोइलेक्ट्रिक (वाकली की वीज देणाऱ्या सिरॅमिकच्या) पट्टीची नैसर्गिक वारंवारता ४० हर्ट्झ आहे. म्हणून तरंगत्या बोयातील लोलकावरचा चुंबक जवळून जाताना पट्टीच्या टोकावरील चुंबकाला ओढून सोडेल आणि पट्टी मोकळेपणी कंप पावेल, अशी रचना मी केली आहे. चुंबकांतील अंतर कमी केले की व्होल्टेज चांगले मिळते, पण संथ लाटेत लोलक तिथेच अडकतो. पट्टीची वारंवारता कमी करण्यासाठी टोकाचे वजन वाढवण्याचा मार्ग मला पटत नाही, कारण पट्टीच्या मुळाशी ताण सर्वाधिक असतो आणि सिरॅमिक ठिसूळ असते. आकर्षणाऐवजी प्रतिकर्षणाची मांडणी केल्यास लोलक सुटेल का, आणि भाररोध (वीज वापरणाऱ्या जोडणीचा विद्युत रोध) पट्टीच्या मोकळ्या कंपनाच्या वारंवारतेवरून ठरवावा का, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.