नाव दोघांचं, रेकॉर्ड एकट्याची: मिकने दगा दिला की नाही?

वावरातला गिटारवाला (दारव्हा तालुका)
हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे, थ्री फेज साडेअकराला येते. तोवर धुऱ्यावर बसून लिहितो. विषय रोलिंग स्टोन्स या इंग्रजी रॉक बँडचा आहे अन् थोडा माझाही.

बँडचा गाणारा मिक जॅगर आणि गिटारवाला कीथ रिचर्ड्स दोघंही 1943 चे, इंग्लंडातल्या डार्टफर्ड गावचे, प्राथमिक शाळेत सोबत. मधे ताटातूट झाली. 1961 च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्याच स्टेशनच्या फलाटावर पुन्हा गाठ पडली, ती मिकजवळच्या चक बेरी आणि मडी वॉटर्स या अमेरिकन गायकांच्या रेकॉर्डींमुळे. पुढे दोघं मिळून गाणी करायला लागले आणि खाली नाव कायम जॅगर-रिचर्ड्स. एखादं गाणं पूर्ण एकाचंच असलं तरी. मग 1983 मध्ये सीबीएस या रेकॉर्ड कंपनीशी बँडचा मोठा करार झाला, त्यातच मिकने आपल्या एकट्याच्या रेकॉर्डींची सोय लावून घेतली. कीथला ते मागून कळलं. 1985 मध्ये मिकची रेकॉर्ड बाजारात आली. त्याच जुलैत लाइव्ह एड या दुष्काळग्रस्तांसाठीच्या कार्यक्रमात दोघं अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एकाच स्टेजवर गेले, पण मिक गायिका टीना टर्नरसोबत आणि कीथ गायक बॉब डिलनच्या बाजूला. एकमेकांसोबत नाही.

एकट्याने गाणं काढणं गुन्हा नाही असंच मी मानतो. पण सामाईक सातबाऱ्यावरचं वावर एकाने परस्पर ठोक्याने द्यावं आणि दुसऱ्याला ते पेरणीच्या दिवशी समजावं, हा दगा आहे.

माझंही तेच झालं. मी आणि माझा दोस्त बारा वर्षं गणपतीत, हळदीत, कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवत होतो. बोंडअळीच्या साली, म्हणजे 2017 ला, आम्ही एक गाणं बांधलं. थो आता पुण्याला असतो. दिवाळीत तेच गाणं त्याच्या चॅनलवर आलं. गीत, संगीत, गायन सगळं त्याचंच नाव. फोन नाही, मेसेज नाही.

संत्राबाग (वरूड)
भाऊ, कीथची बाजू घेणारे 1977 सोयीने विसरतात. कॅनडात टोरांटोले हेरॉइनसकट सापडला होता. जन्मठेपेपर्यंत जाईल असं कलम लागलं होतं. शेवटी सुटला तो अंधांसाठी एक फुकट कार्यक्रम करायच्या बोलीवर. त्या सगळ्या वर्षांत दौरे, करार, वकील, कर, हे कोण पाहत होतं? मिक. जोडीतला एक बैल बसून राहिला तर दुसऱ्याने दोघांचं जू ओढायचं, अन् बसलेला उठला की म्हणते, मी बी अर्धा मालक. वा रे वा.

तुझ्या दोस्ताचं मले माहीत नाही. पण एक सांग, बारा वर्षं कार्यक्रमाची सुपारी कोण घेत होतं? साउंडवाल्याशी कोण भांडत होतं?

वावरातला गिटारवाला
सुपारी तोच घ्यायचा. कबूल. पण कीथ 1985 मध्ये हेरॉइनवर नव्हता, ते त्याने आधीच सोडलं होतं. त्याचीच तक्रार आहे की मी शुद्धीवर येऊन खांद्यावर भार घ्यायला गेलो, तर मिक कासरा सोडायलाच तयार नव्हता. आजारी माणूस बरा झाल्यावर त्याले घरातला हिशेब दाखवायचा नाही का?

संत्राबाग
दाखवायचा. पण पहिल्याच दिवशी तिजोरीची चावी मागायची नाही.

झाडीतला पेटीवाला (वडसा)
तुमी दोघंई एकच गोष्ट धरून बसले, दोस्ती. कायले पायजे दोस्ती? आमच्या झाडीपट्टीत या. दिवाळीनंतर हंगाम सुरू होते, मंडईची जत्रा असो का बैलांचा शंकरपट, रातभर नाटक. मी पेटी वाजवतो. एका कंपनीत दोन नट असे पाह्यले की गाडीत एक समोर बसे तर दुसरा पार मागे. वर्षभर बोलणं नाही. पण पडदा उघडला की बापलेक. बापाच्या मांडीवर लेक मरे तेव्हा अख्खा मंडप रडे, अन् पहाटे जेवताना हे दोघं पाठीले पाठ लावून बसत.

मिक-कीथचंही तसंच आहे. 2010 मध्ये कीथने आत्मचरित्र काढलं आणि त्यात मिकची नको तितकी खिल्ली उडवली. पुढे 2012 मध्ये बँडला 50 वर्षं होत होती तेव्हा दिलगिरी व्यक्त केली. 2023 मध्ये ऐंशीच्या घरात दोघांनी नवी रेकॉर्डही काढली. हे दोस्त आहेत की एका पेढीचे भागीदार, ते त्यायले विचारा. काम निघालं ना?

वऱ्हाडाची लेक
सगळे दोघांवरच बोलून राहिले. तिसऱ्याचं काय? बँड जमवला ब्रायन जोन्सने. गाणी लिहिणारी जोडी तयार झाली तसा तो आपल्याच बँडमध्ये पाहुणा झाला. जून 1969 मध्ये बाहेर, आणि जुलैत स्वतःच्या घरच्या पोहण्याच्या तलावात मेलेला सापडला. त्याच्या जागी मिक टेलर नावाचा दुसरा गिटारवाला आला. त्याचंही म्हणणं होतं की काही गाण्यांत माझा हात आहे, पण नाव लागलं नाही. 1974 संपता संपता तोही बँड सोडून गेला. म्हणजे ज्या जोडनावासाठी तुम्ही गळा काढताय, ते नाव म्हणजे बाकीच्यांसाठी बंद दरवाजा होता.

दादा, तुमच्या बँडमध्ये ढोलकी कोण वाजवत होतं? बोंडअळीच्या गाण्यावर त्याचं नाव होतं का?

वावरातला गिटारवाला
नव्हतं. ढोलकीवाला माझा चुलतभाऊ. त्याने कधी मागितलं नाही.

वऱ्हाडाची लेक
मागितलं नाही म्हणून दिलं नाही. तुमचा दोस्तही हेच म्हणत असेल.

खंजिरीवाले काका (मोझरीजवळ)
पोट्टेहो, मी रॉक ऐकत नाही, नातवाने हे वाचून दाखवलं म्हणून बोलतो. चाळीस वर्षं भजनी मंडळात खंजिरी वाजवली. आपल्या भजनात शेवटच्या ओळीत नाव येते. तुकड्यादास म्हणे, तुका म्हणे, एका जनार्दनी. त्या ओळीत एकच नाव मावते. चाल कोणी लावली, पहिल्यांदा कोणत्या गावच्या पारावर म्हटली, हे कोणी विचारत नाही. आपली सवयच एका नावाची. त्या गोऱ्या पोरांनी दोघांचं नाव धरून ठेवलं ह्याचं मले कौतुक वाटते.

पण आपल्याकडेही एक जोडी होऊन गेली. होनाजी बाळा. होनाजी शिलारखाने लावण्या लिहायचा, बाळा करंजकर गायचा. लोकांनी दोन्ही नावं अशी चिकटवली की निम्म्या महाराष्ट्राले तो एकच माणूस वाटते. लिहिणारा मोठा की गाणारा, हे भांडण लोकांनीच मिटवून टाकलं.

संत्राबाग
काका, मी दहावीपर्यंत एकच माणूस समजत होतो. आडनाव बाळा.

झाडीतला पेटीवाला
काकाच्या बोलण्यावर एक विचारतो. गिटारवाले भाऊ, बोंडअळीच्या गाण्याचे शब्द कोणाचे?

वावरातला गिटारवाला
त्याचे. सगळे. त्याच्या बापाचं चार एकर गेलं होतं त्या साली. चाल माझी.

झाडीतला पेटीवाला
मी आत्ताच ऐकलं ते चॅनलवर जाऊन. चाल पोळ्याच्या झडतीची हाये बाप्पा. तोरणाखाली बैल उभे असताना म्हणतात ना, तीच. तू फक्त ठेका बदलला.

वावरातला गिटारवाला
सुरुवात झडतीची आहे. अंतरा माझा आहे. आणि तो आवाज माझ्या गिटारीचा आहे. कीथसारखी जाड सहावी तार काढून टाकली, उरलेल्या पाच तारा सा-प-सा-ग-प मध्ये लावल्या, म्हणून ते तसं घुमते. नव्या रेकॉर्डिंगमध्ये पुण्याच्या कोण्या पोट्ट्याने सहा तारांवर वाजवलं आहे. ऐका, मधे पोकळ लागते.

संत्राबाग
म्हणजे शब्द त्याचे, दुःख त्याच्या बापाचं, सुरावट गावची, तारा लावायची तऱ्हा कीथची. अन् दगा तुझ्यासोबत. बोल बाप्पा.

वऱ्हाडाची लेक
थांबा हो संत्राबाग, हे अति झालं. अंतरा त्यांचा आहे ना? मग नाव लागायलाच पाहिजे. झडती गावाची म्हणून अंतराही गावाचा होत नाही. आणि एक फोन करायला किती वेळ लागतो? मी आधी जे म्हटलं ते ढोलकीवाल्यासाठी, दोस्ताला मोकळं सोडायला नाही.

संत्राबाग
फोन दोघांकडेही आहे ताई. कीथने काय केलं? मिक 1988 मध्ये जपान-ऑस्ट्रेलियात एकट्याने बँडचीच गाणी गात फिरला, तर कीथनेही त्याच साली आपली रेकॉर्ड काढली अन् त्यात मिकवर एक गाणं हाणलं. दोघंही सारखेच. 1982 नंतर सात वर्षं दौरा नाही. मग जानेवारी 1989 मध्ये बार्बाडोस बेटावर बसले. कीथ बायकोले सांगून निघाला होता की एक तर दोन दिवसांत परत येईन नाही तर दोन आठवड्यांनी. आधी मनसोक्त भांडले, मग हसले, मग गिटारी काढल्या. त्याच वर्षी रेकॉर्ड अन् दौरा. दगा कोणाचा हे कोणी ठरवलं नाही तिथं.

वावरातला गिटारवाला
बार्बाडोसले कंपनीचा पैसा होता, वकील होते, दोघांनाही माहीत होतं की एकट्याच्या रेकॉर्डी स्टोन्सइतक्या चालत नाहीत. आमच्यात काय आहे? त्याच्या गाण्याले अकरा हजार व्ह्यूज आहेत अन् त्यातले दोनशे माझे असतील.

खंजिरीवाले काका
दोनशे वेळा ऐकलं का रे?

वावरातला गिटारवाला
पोकळ कुठं लागते ते पाहत होतो.

त्याची माय परवा घरी तुरीच्या शेंगा घेऊन आली होती. संक्रांतीले येणार हाये म्हणे थो. मी काही बोललो नाही. माह्या बायकोने त्याच्या मायले ढोलकीवाल्याच्या घरचाही वाटा दिला, म्हणे दोन्ही घरी पोचवा.

वऱ्हाडाची लेक
तुम्ही त्याच्या गाण्याखाली कमेंट तरी टाकली का? अंतरा माझा आहे, एवढीच एक ओळ.

वावरातला गिटारवाला
लिहिली होती. तीन वेळा लिहून खोडली. चौथ्यांदा ढोलकीवाल्याचं नावही टाकलं, मग वाटलं आता हे माझ्या तोंडी शोभते का.

लाइन आली. मोटर लावून येतो.