अंबरमधला भुंगेरा एवढा ताजातवाना कसा?

प्रश्न: अंबरमधल्या (म्हणजे झाडाच्या चिकट राळेचं जे जीवाश्म होतं त्यातल्या) भुंगेऱ्याचा फोटो बघितला, ९.९ कोटी वर्षं जुना म्हणे, आणि पायावरचे केससुद्धा दिसतायत! आजच्यासारखाच दिसतो की, मग उत्क्रांती झाली कुठे? आणि डीएनए मिळेल का त्यातून?

उत्तर १: डीएनए विसरा, तो एवढा टिकत नाही. राळ अंगावर ओघळली की हवा बंद, शरीरातलं पाणीही कमी होतं, म्हणून सडणं थांबतं. बऱ्याचदा आत पोकळीच असते, आपल्याला दिसतो तो ठसा.

उत्तर २: तुमचा भुंगेरा तसा मधल्या काळातलाच म्हणायचा, कारण या मंडळींचे जीवाश्म पर्मियन काळातल्या दगडांतही आहेत, म्हणजे २५ कोटी वर्षांहून जुने, आणि पुढचे पंख कडक करून झाकण बनवायची युक्ती इतकी भारी की साचा फारसा बदललाच नाही. बदल बारीकसारीक गोष्टींत बघा. २०१८ मध्ये म्यानमारच्या अंबरमधल्या एका भुंगेऱ्याचं वर्णन आलं, शेजारीच सायकॅडचे (ताडासारखी दिसणारी पण फुलं न येणारी झाडं) परागकण आणि जबड्यात पराग ठेवायला खोबणीसारखी जागा! त्याचे जवळचे नातेवाईक आज ऑस्ट्रेलियात सायकॅडवरच राहतात. म्हणजे परागीकरण फक्त फुलं आणि मधमाश्यांमुळे सुरू झालं हे डोक्यातून काढा.

उत्तर ३: एक भर, राळेत सापडतात ते बहुतेक छोटे आणि झाडाच्या आसपास वावरणारे, मोठे धडपडून सुटतात. त्यामुळे अंबर बघून त्या काळचे सगळे किडे कळले असं समजू नका.

प्रश्नकर्ता: जबड्यात परागाची पिशवी? आता तोच फोटो शोधतो.