नागपूरला परत आलो, ऑफिसच्या मंडळींसोबत फिरून राहिलो, थंडीतले रविवार कुठे घालवायचे?

वर्धारोडवाला:
नमस्कार मंडळी, माझं शाळा-कॉलेज सगळं नागपुरातच झालं, मग नोकरीसाठी पुण्याला गेलो आणि तिथेच बरीच वर्षं काढली, आता कंपनीनं मिहानच्या ऑफिसला बदली विचारली तर लगेच हो म्हटलं. आल्यावर सुरुवातीला भकास वाटलं, जुने मित्र सगळे पुणे, बंगलोर नाहीतर अमेरिका, धरमपेठेत चक्कर मारली तर ओळखीचं कोणीच नाही. पण ऑफिसची टीम इतकी बढिया निघाली की काय सांगू. एक हैदराबादचा, एक इंदूरची, एक कोचीचा, एक साताऱ्याची, आणि नागपूरचा मी एकटाच. आता रविवार उजाडला की ग्रुपवर मेसेज येतो, चला कुठे जायचं.

पहिल्यांदा कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खायला नेलं. इंदूरवालीला पोहे म्हणजे जिरावन मसाला आणि सोबत जिलेबी, तिच्या प्लेटमध्ये पोह्यांवर चण्याची लाल तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, ओतली तेव्हा ती बघतच राहिली, मग वर कच्चा कांदा, शेव, लिंबू, आणि दुसरी प्लेट तिनंच पहिली मागितली. मग मेट्रोत बसलो. मी गेलो तेव्हा मेट्रो नव्हती, ती 2019 ला सुरू झाली. गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो, हैदराबादवाला व्हिडिओ काढत होता आणि मीपण त्याच्यासोबत पहिल्यांदाच बघत होतो. आपल्याच गावात असं नवीन बघायला मिळणं, ते पण अशा लोकांसोबत, मला फार आवडून राहिलं.

तर विचारायचं असं की थंडीत कुठे न्यावं? रामटेक की पेंच? कोचीवाल्याची मुलगी लहान आहे, ती पण येते. दोघं शाकाहारी आहेत आणि सगळ्यांना नागपूरचं झणझणीत सावजी जेवण खायचंय, ते कसं जमवू?

गोकुळपेठकर:
भाऊ वेलकम बॅक. रामटेक आणि पेंच एका दिवसात कोंबू नका, दोन्हीचा विचका होतो. रामटेकला सकाळी लवकर निघा, आधी गडमंदिर, तिथून कालिदास स्मारक, मेघदूतातला रामगिरी म्हणजे हेच रामटेक असं मानतात, हे सगळ्यांना सांगा, बाहेरच्यांना माहीत नसतं. येताना मनसरला वाकाटकांच्या काळातलं उत्खनन आहे, विटांचं केवढं मोठं बांधकाम उघडं केलंय, बहुतेक लोक गाडी न थांबवता पुढे जातात, तुम्ही थांबाच. दुपारी खिंडसीला बोटिंग, लहान मुलीला तेच सगळ्यात आवडेल.

पेंच मुक्कामाचं ठेवा. जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या पेंचला डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्री काळोख जपलेल्या, तारे बघायच्या जागेचा दर्जा मिळाला, भारतात पहिलाच. सिल्लारीच्या बाजूला राहा आणि तारीख अमावास्येच्या आसपासची धरा, सफारीत वाघ दिसो न दिसो, आकाश बघून माणूस खूश होतो. थंडीचे कपडे नीट घ्या, तिथली रात्र लय गार असते.

रस्सा_भाकर:
सावजीसाठी शाकाहारी लोकांना पाटोडी रस्सा आणि डाळकांदा, दोन्ही अस्सल, मटणवाल्यांना हेवा वाटेल असे. बेसनाची पाटोडी रश्शात फार वेळ ठेवायची नाही, विरघळते, वाढली की लगेच खायची. पण आधी फोन करून विचारा, बऱ्याच सावजी भोजनालयांत मटण-चिकनच जास्त असतं आणि भांडी वेगळी हवी असतील तर आधी सांगावं लागतं. दुपारीच जा. रश्शावरचा तवंग बाजूला सारून भाकरीसोबत हळूहळू खायला सांगा, पहिल्याच घासाला ओरपलं तर मग दिवसभर ताकच प्यावं लागते. लहान मुलीसाठी डबा घरून न्या.

कृष्णाकाठची:
दादा, मी सांगलीची, बदलीवर नागपुरात आहे, म्हणजे तुमच्या साताऱ्याच्या मैत्रिणीच्या जागी मीच समजा, म्हणून त्या बाजूनं सांगते. तुम्ही दर वेळी दाखवताय आणि ते बघतायत, हे छानच आहे, पण एखादा रविवार त्यांच्यावर सोडा. आमच्या ऑफिसमधल्या एकीची आजी 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होती. तिनं आम्हाला गर्दी नसलेल्या साध्या दिवशी तिथे नेलं, स्तूपाच्या घुमटाखाली बसून आजीकडून ऐकलेलं सगळं सांगितलं, त्या कशा चालत आल्या, पांढरी साडी कुठून मिळवली, लेकरं कोणाकडे ठेवली. मी दीक्षेबद्दल शाळेत वाचलं होतं पण त्या दिवसापासून नागपूरकडे बघायची माझी नजरच बदलली. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील, टीमबाहेर विचारून बघा, हाउसकीपिंगच्या ताई, ड्रायव्हर काका, सगळ्यांना विचारा.

इतवारीचा:
ताई एकदम बरोबर. दादा, पुढच्या वर्षी मारबत चुकवू नका, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काळी आणि पिवळी दोन्ही मारबती, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारे मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात आणि सोबत त्या त्या वर्षीच्या प्रश्नांवर टीका करणारे पुतळे, म्हणजे बडगे. "घेऊन जा गे मारबत" हा आवाज इतवारीच्या गल्लीत उभं राहून ऐकायचा, टीव्हीवर ती मजा नाही. लहान मुलीला नका आणू, गर्दी बेफाम असते. तिच्यासाठी तान्हा पोळा आहे ना, त्याच दिवशी पोरं लाकडी बैल सजवून आणतात, तिला एक बैल घेऊन द्या.

आणि डिसेंबरमध्ये अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्सकडे गाडी नेऊ नका, बॅरिकेड आणि मोर्चे असतात. त्या दिवसांत मेट्रोनं जा.

वर्धारोडवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं वाचून आमच्या ड्रायव्हर काकांना विचारलं, ते महालातलेच निघाले आणि म्हणाले, जुना महाल मी पायी फिरवतो, गाडी ठेवा घरी. तो रविवार काकांचा. हैदराबादवाल्याला कडबी चौकातलं नॅरो गेज म्युझियम बघायचंय, तिथे लहान मुलीलाही मजा येईल आणि मेट्रोनंच जाता येतं. पेंचची अमावास्या ऑफिसच्या रिलीजच्या तारखा बघून ठरवतो. त्याआधी रामटेक पक्कं, येताना मनसरला थांबणारच. खिंडसीला बोटिंग संध्याकाळी किती वाजेपर्यंत असतं, नुकतं कोणी गेलं असेल तर सांगा.