आईच्या एफडीचं आठ महिन्यांचं व्याज बुडालं, परत मिळेल का?

मिरजकर७२
नमस्कार. आईचं वय ७१. तिची ४ लाखांची एफडी होती, ७ टक्क्यांची. मुदत संपायच्या आधीच 'व्याज खात्यात जमा करून मुद्दल पुन्हा वर्षभर ठेवावं' असा अर्ज शाखेत दिला होता. शिक्क्याची पोच माझ्याकडे आहे. आता पासबुक भरून आणलं तर रक्कम आठ महिने बचत खात्यातच, अडीच टक्क्यांवर. सुमारे बारा हजारांचा फरक पडतो. मॅनेजर म्हणतात, "सिस्टीममध्ये नोंद राहिली, आता आजपासून करून देतो." आईच्या औषधांना हेच व्याज लागतं. शेजारची पतसंस्था जास्त दर देते, तिकडे वळावं का?

माजी_शाखाधिकारी
आजपासूनची एफडी मुळीच स्वीकारू नका! पोच आहे म्हणजे चूक बँकेचीच, आणि मूळ मुदत संपली त्या तारखेपासून व्याज मागायचा तुम्हाला हक्क आहे. लेखी अर्ज द्या: एफडी क्रमांक, मुदत संपल्याची तारीख, पोचेची झेरॉक्स आणि फरकाची रक्कम आकड्यात. दर मागताना नूतनीकरणाच्या दिवशी ज्येष्ठांना लागू असलेला दर मागा, जुना ७ टक्के नव्हे. तिथेच अर्ज मागे पडतात. मूळ पोच कुणाच्याही हातात देऊ नका.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. मी नोकरीत असताना पाहिलंय, तारखांसकट लेखी कागद आला की तो वरच्या कार्यालयात जातोच. तोंडी बोलणं काउंटरवरच विरतं.

पतसंस्थेबद्दल स्पष्ट सांगतो, औषधाचे पैसे तिथे नकोत. बँकेत प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल-व्याज धरून ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे, पतसंस्थेला तो लागू नाही. लोकपालही नाही, दाद सहकार खात्याकडे मागावी लागते. संस्था अडचणीत आल्यावर म्हाताऱ्या माणसांचे हाल मी जवळून पाहिलेत.

पोस्टवाली_ताई
दादा, ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के दर आहे. ३ लाख ठेवले तर दर तिमाहीला ६,१५० रुपये. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. पोस्टात होते, बऱ्याच बँकांतही. फक्त वर्षाच्या आत मोडलं तर व्याज मिळत नाही, दिलेलंही मुद्दलातून कापतात. म्हणून लाखभर हाताशी वेगळे ठेवा. माझ्या सासूबाईंचं तसंच केलंय.

मिरजकर७२
ताई, साहेब, खूप आभार. पतसंस्थेचा विचार सोडला. पण शाखेने अर्जच घेतला नाही तर?

माजी_शाखाधिकारी
स्पीड पोस्टाने पाठवा आणि बँकेच्या तक्रार निवारण ईमेलवरही टाका. ३० दिवस तिथून मोजा. अर्जावर सही आईंचीच हवी, खातं त्यांचं आहे. आणि हा फरक जमा होईपर्यंत त्या शाखेतलं खातं बंद करू नका.