एक्सटीवर ३०१ एरर: अडॅप्टर नव्हे, कन्व्हर्टर लागेल

एकाने विचारलंय की एक्सटीला (आयबीएमचं १९८३चं मशीन) पीएस/२ कीबोर्ड (नंतरच्या पीसींचा, छोट्या गोल प्लगचा) अडॅप्टरने जोडला, तरी ३०१ एरर (मशीन सुरू होताना दिसणारी कीबोर्डची एरर) का येते. कीबोर्ड बहुधा ठणठणीत आहे. तो अडॅप्टर फक्त पिना जुळवतो. एटीवर (एक्सटीनंतरचं आयबीएमचं मशीन) तेवढं पुरतं, कारण १९८४ची एटी आणि पीएस/२ यांचा प्रोटोकॉल (कीबोर्ड आणि मशीनची बोलण्याची पद्धत) एकच. एक्सटीचा वेगळा. डिन सॉकेट (कीबोर्ड लावायचं गोल सॉकेट) मात्र तेच पाच पिनांचं, म्हणून सगळे फसतात! एक्सटीचा कीबोर्ड फक्त पाठवतो आणि स्कॅनकोड (प्रत्येक कळेचा नंबर) सेट १ वापरतो. एटीचा कीबोर्ड ११ बिटांची फ्रेम (एका वेळचा संदेश) आणि सेट २ पाठवतो, ती एक्सटीच्या बोर्डाला कळत नाही. बायोसमध्ये (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) खुडबुड करून उपयोग नाही.

आधी मशीन चालू ठेवून डिनच्या ४ (ग्राउंड) आणि ५ नंबरच्या पिनांमध्ये ५ व्होल्ट येतात का बघा. मग कीबोर्ड उलटा करा, काही क्लोन (आयबीएमची नक्कल केलेल्या) कीबोर्डांवर खाली एक्स/ए (एक्सटी/एटी) स्विच असतो. मशीन बंद करून तो एक्सवर सरकवा. स्विच नसेल तर मायक्रोकंट्रोलरवाला (छोट्या प्रोग्रॅम केलेल्या चिपचा) एटी-टू-एक्सटी कन्व्हर्टर लागेल. त्यानंतरही एफ११-एफ१२ चालले नाहीत तर दचकू नका, ८३ कळांच्या काळातल्या बायोसला त्या कळा ठाऊकच नाहीत.