पुणे मनपाच्या बजेटमध्ये आपल्या गल्लीचं काम कसं सुचवायचं?

आमच्या कॉलनीबाहेरच्या बसस्टॉपवर बसायला बाकच नाहीये, आजीआजोबा भर उन्हात औषधांची पिशवी घेऊन ताटकळत उभे असतात, बघवत नाही. बजेटमध्ये नागरिक कामं सुचवू शकतात असं ऐकलं, नक्की काय करायचं कोणी सांगेल का?

उत्तर १:
हो, पुण्यात 2006 पासून आहे हे. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात फॉर्म मागवतात, क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, ऑनलाइनपण भरता येतो. एका कामाला 5 लाखांची मर्यादा आहे, बाक, पथदिवे, फुटपाथ अशी कामं त्यात बसतात. सोसायटीच्या आतलं काम सुचवू नका, सार्वजनिक जागेतलंच घेतात. आणि जागा नीट लिहा हो, नुसतं "आमच्या भागात बाक हवेत" लिहिलं की इंजिनिअरने शोधायचं कुठे, स्टॉपचं नाव, रस्त्याची कुठली बाजू, जमलं तर फोटो, सगळं द्या.

उत्तर २:
वरच्या ताईंशी सहमत. फक्त फॉर्म भरून थांबू नका, पोच घ्याच. पुढे प्रभाग समितीत कामं ठरतात, तेव्हा चौकशी करा, आणि मार्चच्या आसपास बजेट आलं की यादीत आपलं काम शोधा. दिसलं नाही तर माहिती अधिकारात कारण विचारा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

प्रश्नकर्ती:
खूप आभार दोघांचे! रविवारी शेजारच्या दोन सोसायट्यांनापण सांगते, त्यांचाही स्टॉप तोच आहे.